जुन्या ड्रॅग गाडीचा शर्यतींचा इतिहास कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि गाड्यांचं वेड असणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: "जुनी ड्रॅग गाडी घेतोय. विकणारा सांगतो की ही साठच्या दशकात अमक्याने चालवली. खरं-खोटं कसं ठरवायचं?" हे पान त्या प्रश्नासाठी आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः १९६८ची हेमी डार्ट आणि तिची जुळी बहीण हेमी बॅराकुडा घेतली आहे. मुळात फार थोड्या बनलेल्या या गाड्यांच्या नावावर खोट्या गाड्याही भरपूर फिरतात. पण शोधाची पद्धत बाकी गाड्यांनाही लागू पडते.

ड्रॅग गाडीचा इतिहास शोधणं इतकं अवघड का असतं?

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर पळवणं. हरलेली गाडी बाद, जिंकलेली पुढच्या फेरीत. ही शर्यत दर शनिवार-रविवारी शेकडो छोट्या पट्ट्यांवर (ड्रॅग स्ट्रिपवर) व्हायची आणि चालवणारे बहुतेक जण पोटापाण्याचा धंदा सांभाळून येणारे होते. हंगाम संपला की गाडी विकायची, त्या पैशांत पुढची घ्यायची. नवा मालक आधी रंग बदलायचा, मग नाव, मग इंजिन. पाच वर्षांत तीच गाडी तीन नावांनी, तीन रंगांत आणि दोन वेगळ्या वर्गांत पळालेली असायची.

त्यातच पट्ट्या बंद पडल्या. कॅलिफोर्नियातली गाजलेली लायन्स ड्रॅग स्ट्रिप डिसेंबर १९७२मध्ये बंद झाली, ऑरेंज काउंटी इंटरनॅशनल रेसवे १९८३मध्ये. बंद पडलेल्या पट्टीचे कागद कोणी सांभाळून ठेवत नाही. त्यामुळे एकाच जागी सगळं सापडेल ही आशा सोडून द्या.

हेमी डार्ट म्हणजे नेमकी कोणती गाडी?

१९६८ साली क्रायस्लर कंपनीने सुपर स्टॉक वर्गात, म्हणजे कारखान्यात बनलेल्या गाड्यांच्या शर्यतीत, जिंकण्यासाठी बनवलेली गाडी. डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या तुलनेने लहान गाड्यांमध्ये ४२६ घनइंचांचं, म्हणजे सुमारे सात लिटरचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं) इंजिन बसवलं. हॅमट्रॅमक कारखान्यातून अर्धवट गाड्या मिशिगनमध्येच हर्स्ट कंपनीकडे जायच्या आणि तिथे इंजिन बसायचं. डार्ट साधारण ८० आणि बॅराकुडा साधारण ७० बनल्या.

वजन कमी करण्यासाठी काय काय केलं ते नीट समजून घ्या, कारण पुढे तपासणीत याचाच उपयोग होतो. बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचे. दारं ॲसिडमध्ये बुडवून पत्रा पातळ केलेला. बाजूच्या काचा खास पातळ, आणि काच वर-खाली करायला हँडल नाही, पट्टा. मागची सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही. पुढच्या सीट डॉजच्या ए१०० व्हॅनमधल्या, हलक्या. बॅटरी डिकीत, म्हणजे वजन मागच्या चाकांवर. मोठे टायर बसावेत म्हणून डार्टच्या मागच्या चाकांवरचा पत्रा कापून मोठा केलेला. इंजिनवर क्रॉस-रॅम मॅनिफोल्ड (इंधन-हवा आत नेणाऱ्या आडव्या नळ्या) आणि दोन हॉली कार्ब्युरेटर. कागदावर ताकद ४२५ अश्वशक्ती लिहिली होती. प्रत्यक्षात ती पाचशेच्या वर होती हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी प्रायमरमध्येच (रंगाखालच्या अस्तरात) मिळायची, रंग मालकाने द्यायचा. वॉरंटी नव्हती, आणि ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही अशी सूचना गाडीवरच चिकटवलेली असायची.

गाडी प्रायमरमध्ये मिळायची हा मुद्दा विसरू नका. या गाडीला कारखान्याचा "मूळ रंग" नसतोच. पहिला रंग म्हणजे पहिल्या मालकाची सही.

शोधाची सुरुवात कुठून करायची?

दोन्ही टोकांकडून. एक धागा कारखान्यातून पुढे येतो: चासी नंबर, डीलर, पहिला मालक. दुसरा आजच्या मालकाकडून मागे जातो: त्याने कोणाकडून घेतली, त्या माणसाने कोणाकडून. प्रत्येक पायरीला निदान एक कागद किंवा एक फोटो हवा. हे दोन धागे मध्ये कुठेतरी भेटले तरच इतिहास सिद्ध झाला. बहुतेक विक्रेत्यांकडे एकच टोक असतं आणि मधली पंधरा-वीस वर्षं ते तोंडी भरून काढतात. त्या रिकाम्या वर्षांना रिकामी वर्षं म्हणूनच लिहून ठेवा. तिथे अंदाज घुसला की पुढच्या माणसासाठी तो "इतिहास" होतो, आणि मग तो खोडून काढणं जवळजवळ अशक्य असतं.

चासी नंबरवरून काय कळतं?

या गाड्यांच्या बाबतीत बरंच काही. अमेरिकेत सतरा अक्षरांचा नंबर रूढ झाला तो १९८१पासून. १९६८च्या क्रायस्लर गाड्यांचा नंबर तेरा अक्षरांचा आहे. हेमी डार्टचा नंबर एल-ओ-२३-एम-८-बी असा सुरू होतो आणि बॅराकुडाचा बी-ओ-२९-एम-८-बी असा. यातलं दुसरं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, कारण "ओ" म्हणजे सुपर स्टॉक. त्याच वर्षीच्या डार्ट जीटीएसला (डार्टच्या रस्त्यावरच्या वेगवान प्रकाराला) त्या जागी "एस" असतो. "८" म्हणजे १९६८ आणि "बी" म्हणजे हॅमट्रॅमक कारखाना. म्हणजे साध्या डार्टमध्ये हेमी बसवून, फायबरग्लासचं बॉनेट लावून कोणी कितीही हुबेहूब गाडी केली, तरी हे दुसरं अक्षर तो आणू शकत नाही.

आणू शकतो तो एकाच मार्गाने: खऱ्या गाडीची चासी नंबरची पट्टी उचलून. म्हणून डॅशबोर्डवरची पट्टी पाहून थांबू नका. पट्टीचे रिव्हेट मूळचे आहेत का, आजूबाजूचा पत्रा उचकटलेला आहे का ते बघा. इंजिनखान्यात डाव्या आतल्या फेंडरवर सांकेतिक अंकांची छोटी पाटी असते, ती जुळते का बघा. बॉडीच्या पत्र्यावर ऑर्डर नंबर किंवा चासी नंबरचे शेवटचे अंक ठोकलेले असतात, त्यांची जागा कारखान्यानुसार आणि वर्षानुसार बदलते. ते रंगाखाली दबलेले असतात, पण हलक्या हाताने रंग काढला की दिसतात. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा. अमेरिकेत चासी नंबरची पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि अशी गाडी घेणाऱ्यालाही पुढे त्रास होतो.

कारखान्याची नोंद मागवता येते का?

कंपनी कोणती आणि वर्ष कोणतं यावर ते अवलंबून आहे. क्रायस्लरच्या ऐतिहासिक विभागाकडे १९६७पर्यंतच्या गाड्यांच्या नोंदी आहेत, त्यामुळे १९६८ची हेमी डार्ट नेमकी एका वर्षाने हुकते. फोर्डच्या १९६७पासून पुढच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत, म्हणजे १९६४ची फोर्ड थंडरबोल्ट ही ड्रॅग गाडी त्यात बसत नाही. पॉन्टिॲकवाल्यांचं नशीब चांगलं आहे. त्यांना पीएचएसकडून (पॉन्टिॲकच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडून) जुन्या बिलाची प्रत मिळते आणि त्यावर डीलरसुद्धा असतो.

१९६९ची शेवरोलेची झेडएल१ कॅमॅरो हे सुखद उदाहरण. एकूण ६९ गाड्या बनल्या, त्यातल्या ५० इलिनॉयमधल्या ला हार्प गावच्या फ्रेड गिब शेवरोलेने मागवल्या होत्या. इतक्या कमी गाड्या आणि एवढा मोठा हिस्सा एकाच डीलरकडे, त्यामुळे प्रत्येक गाडीचा माग बराच पुढपर्यंत लागतो.

मोटर वाहन खात्याकडून जुन्या मालकांची नावं मिळतात का?

पूर्वी मिळायची. १९९४च्या चालक गोपनीयता कायद्यानंतर अमेरिकेतली राज्यं खासगी माणसाला ही माहिती सहज देत नाहीत, आणि जुन्या नोंदी अनेक राज्यांनी नष्टही केल्या आहेत. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्यांची रस्त्यासाठी कधी नोंदणीच झाली नाही. कंपनीने दिलेलं उत्पत्ती प्रमाणपत्र आणि हाताने लिहिलेली विक्रीची पावती एवढ्यावरच त्या हातोहात फिरल्या. म्हणून टायटल (मालकीचा सरकारी कागद) नाही म्हणजे गाडी संशयास्पद, असं इथे धरायचं नाही. विक्रीच्या पावत्यांची साखळी मात्र मागा. एका वहीच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली १९७१ची पावती, तारीख आणि नंबरासकट, मला गुळगुळीत छापलेल्या "ऐतिहासिक प्रमाणपत्रा"पेक्षा कितीतरी जास्त मोलाची वाटते.

प्रत्यक्ष गाडीवर काय शोधायचं?

शोधाचा सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ती रंग काढायला पाठवतात आणि सगळा पुरावा धुळीबरोबर उडून जातो.

दाराच्या आतल्या कडेवर, डिकीच्या झाकणाखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा निवडा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तिरपं घासत एकेक थर उघडा करत जा. थरांची वर्तुळं दिसू लागतात. सगळ्यात बाहेर आजचा लाल, त्याच्या आत पांढरा, मग धातूचकाकीचा निळा, मग राखाडी प्रायमर, मग पत्रा. आता हातात रंगांचा क्रम आहे. एखाद्या जुन्या फोटोत निळी गाडी दिसली आणि विक्रेता म्हणाला "हीच ती", तर तुमच्या गाडीत निळ्याचा थर असायलाच हवा. तो नसेल तर ती गाडी ही नव्हे.

दारावर हाताने रंगवलेली अक्षरं वरच्या रंगाखालीही पुसट उठाव ठेवतात. खोली काळोखी करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा, अक्षरांच्या कडा सावलीतून वर येतात. मागच्या बाजूच्या काचेवर वर्गविजेत्याचं स्टिकर कधी काळी लावलेलं असेल तर तेवढी जागा वेगळी झिजलेली असते.

मग भोकं मोजा. डॅशबोर्डवर टॅकोमीटर कुठे लावला होता, बॉनेट बंद ठेवणाऱ्या पिना कुठे होत्या, रोल बारचे (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळीचे) पाय जमिनीच्या पत्र्यात कुठे बोल्ट केले होते, मागच्या ॲक्सलजवळ लॅडर बारच्या (ॲक्सल घट्ट धरणाऱ्या दांड्यांच्या) वेल्डिंगचे डाग कुठे आहेत. चालकाने स्वतःच्या हाताने ड्रिल केलेल्या भोकांची मांडणी दुसऱ्या गाडीत तंतोतंत तशीच सापडणं कठीण. जुन्या फोटोत गाडीचा आतला भाग दिसत असेल तर ही मांडणी जुळवून बघा. रंग, स्टिकर, चाकं, सगळं कोणीही नकलू शकतो. पुट्टीने बुजवलेलं भोक नकलावं हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

आणि दारांची जाडी मोजा. ॲसिडमध्ये बुडवलेलं दार साध्या १९६८ डार्टच्या दारापेक्षा पातळ असतं आणि उचलताना हलकं लागतं. फायबरग्लासचे भाग मात्र आजही नवे बनतात, त्यांच्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

जुना फोटो सापडला. तो कधीचा आणि कुठला हे कसं ठरवायचं?

आधी फोटोची वस्तू बघा, चित्र नंतर. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक छापील फोटोंच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि वर्ष असतं. कोडाक्रोम स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवरही तारखेचा शिक्का असतो. ही तारीख फिल्म धुतल्याची आहे, फोटो काढल्याची नव्हे. कॅमेऱ्यात रोल सहा महिने पडून राहायचा, तेवढी सूट धरा.

मग काचेवर लिहिलेली अक्षरं वाचा. वर्ग आणि स्पर्धा क्रमांक पांढऱ्या बूटपॉलिशने लिहायची रीत होती. हेमी डार्ट १९६८मध्ये "एसएस/बी" (सुपर स्टॉक बी) वर्गात पळायच्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांना शेवटी आणखी "ए" लागायचा. पुढे वर्गांची अक्षरं बदलली. म्हणून अक्षरांवरून साल जवळ येतं. राष्ट्रीय हॉट रॉड संघटनेने, म्हणजे एनएचआरएने, देशाचे सात विभाग केले होते आणि कायम क्रमांकाचा पहिला अंक विभागाचा असायचा: १ ईशान्येचा, ७ पॅसिफिक किनाऱ्याचा. क्रमांक ३ने सुरू होत असेल तर मालक उत्तर-मध्य भागातला, म्हणजे मिशिगन-ओहायोच्या बाजूचा. इतक्या एका अंकाने अर्धा देश वगळता येतो.

पार्श्वभूमीतला मनोरा, जाहिरातींचे फलक, कठडे यांवरून पट्टी ओळखणारे लोक आहेत. मागे उभ्या असलेल्या ट्रकची नंबरप्लेट मात्र तुम्ही स्वतःच वाचू शकता. राज्य आणि वर्ष दोन्ही त्यावर असतात. आणखी जुन्या गाडीचा फोटो असेल तर स्टार्टला झेंडेवाला आहे की दिव्यांचा खांब ते बघा. "ख्रिसमस ट्री" म्हणून ओळखला जाणारा तो खांब १९६३मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत आला. छोट्या पट्ट्यांवर तो पोहोचायला वेळ लागला.

शर्यतींचे निकाल कुठे मिळतात?

एनएचआरएची स्थापना १९५१ची, वॉली पार्क्स यांनी केलेली. तिचं "नॅशनल ड्रॅगस्टर" हे पत्र १९६०मध्ये सुरू झालं आणि मोठ्या स्पर्धांसाठी तोच पहिला आधार. पण एनएचआरए म्हणजे सगळं ड्रॅग रेसिंग नव्हे. एएचआरए ही प्रतिस्पर्धी संघटना होती, १९७०नंतर आयएचआरएही आली. एका संघटनेच्या नोंदीत नाव नाही म्हणून गाडी पळालीच नाही असा निष्कर्ष काढू नका.

छोट्या पट्ट्यांसाठी गावोगावची वर्तमानपत्रं चाळावी लागतात. रविवारची शर्यत सोमवार-मंगळवारच्या अंकात, क्रीडा पानाच्या तळाशी, चार ओळींत. काही अंक डिजिटल झालेत, बाकीचे गावच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर आहेत. तिथल्या ग्रंथपालांना सभ्य पत्र लिहिलं तर ते फार मदत करतात, हा माझा कायमचा अनुभव. निकालात बहुधा फक्त विजेता आणि उपविजेता छापायचे, आणि गाडीचा चासी नंबर कधीच नाही. म्हणजे निकाल चालकाला सिद्ध करतो, गाडीला नाही. त्या चालकाकडे त्या दिवशी हीच गाडी होती, हे पावती आणि फोटोने वेगळं दाखवावं लागतं.

जुन्या चालकांशी कसं बोलावं?

लवकर बोला, हे पहिलं. १९६८मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसो पट्टीवर जुन्या हॉट रॉडवाल्यांचे मेळावे भरतात, तिथे एका दुपारी जे कळतं ते वर्षभर कागद चाळून कळत नाही.

उत्तर तोंडात घालू नका. "ही तुमचीच गाडी ना?" असं विचारलं की भला माणूस हो म्हणतो, तुमचं मन राखायला. त्याऐवजी "तुमच्या गाडीत टॅकोमीटर कुठे लावला होता?", "बॅटरीची पेटी कशी बसवली होती?", "कधी धडकली होती का, कुठल्या बाजूने?" असं विचारा, आणि उत्तरं लिहून घेतल्यावरच गाडीचे फोटो दाखवा. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. घरच्यांनाही भेटा. वेळ लिहून घेणारी, फोटो काढणारी, कात्रणं वहीत चिकटवणारी व्यक्ती बऱ्याचदा बायको किंवा बहीण होती, आणि ती वही अजून माळ्यावर असते.

विक्रेता म्हणतो ही सॉक्स अँड मार्टिनची गाडी आहे. विश्वास ठेवू का?

सॉक्स अँड मार्टिन ही त्या काळची गाजलेली जोडी: रॉनी सॉक्स आणि बडी मार्टिन यांची लाल-पांढरी-निळी बॅराकुडा, डिक लँडी यांची डार्ट, "मिस माइटी मोपार" म्हणून गाजलेल्या जूडी लिली यांची बॅराकुडा. या गाड्यांची नक्कल त्यांच्यावरच्या प्रेमापोटी अनेकांनी केली आहे, आणि नक्कल म्हणून ती केली तर त्यात काहीही गैर नाही. पण काही गाड्या तीन-चार हातांतून गेल्यावर "नक्कल" हा शब्द वाटेत गळतो. मोठं नाव ऐकलं की पुरावा दुप्पट मागा: रंगांचे थर, भोकं, पावत्या, सगळं.

माझं स्पष्ट मत सांगतो. ओहायोतल्या एखाद्या अनोळखी मेकॅनिकने चार हंगाम चालवलेली, पुरेपूर सिद्ध झालेली गाडी मी मोठ्या नावाच्या अर्धवट सिद्ध गाडीआधी घेईन. हा खेळ अशा माणसांनीच जिवंत ठेवला.

इंजिन मूळचं नाही. मग गाडीची किंमत संपली का?

नाही. शर्यतीत इंजिनं फुटतात, बदलली जातात, वेगळी विकली जातात. चार वर्षं कसून पळालेल्या गाडीत पहिल्या दिवसाचं इंजिन असेल तर उलट तेच जरा तपासून बघा. ओळख बॉडीची आणि तिच्या नंबराची. इंजिनवरच्या ओतकामाच्या तारखा मात्र नोंदवून ठेवा. गाडीच्या नंतर ओतलेला ब्लॉक "मूळचा" असू शकत नाही.

आमच्या गाडीला चासी नंबरच नाही. ती नळ्यांची ड्रॅगस्टर (फक्त ड्रॅग शर्यतीसाठी बांधलेली लांबट गाडी) आहे.

मग ओळख पटवायची ती वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावरून. केंट फुलर, डॉन लाँग, वुडी गिलमोर यांसारख्या कारागिरांच्या चौकटी नळ्यांची वळणं, कंस आणि सांधे यांवरून जाणकार ओळखतात.

या गाड्या इतक्या विखुरल्या त्याला कारण आहे. ८ मार्च १९७० रोजी लायन्स पट्टीवर नामवंत चालक डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा ट्रान्समिशनचा भाग फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा इंजिन पुढे आणि चालक मागे, अशी रचना होती. त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१मध्ये तिने जिंकायला सुरुवात केली. पुढे इंजिन असलेल्या गाड्या बघता बघता निकामी ठरल्या. इंजिन काढून विकलं, चौकट गॅरेजच्या छताला टांगली. आज ज्या चौकटी सापडतात त्या बऱ्याचदा अशाच, इंजिनाविना. फ्लोरिडात ओकाला इथल्या गार्लिट्स यांच्या संग्रहालयात जाऊन त्या काळच्या गाड्या जवळून बघा. फोटोत न दिसणारे सांधे तिथे दिसतात.

रिस्टोअर करताना कोणत्या काळाची गाडी करावी?

जितका पुरावा आहे तितकीच. १९७०चे चार स्पष्ट फोटो असतील आणि १९६८चा एकही नसेल, तर ती १९७०चीच करा. कारखान्यातून निघालेल्या प्रायमरमधल्या अवस्थेला नेण्याची फॅशन आहे, पण त्यात शर्यतीचे सगळे व्रण बुजतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक भोकाचा, प्रत्येक वेल्डिंगचा फोटो मोजपट्टी धरून काढा. रंगथरांचा एक तुकडा तसाच ठेवा, डिकीच्या आत कुठेतरी.

अशी गाडी महाराष्ट्रात आणून चालवता येईल का?

२०२१पासून आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी "व्हीए" मालिकेची वेगळी नोंदणी आहे, पण तिच्यात गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि रोजच्या वापरालाही परवानगी नाही. हेमी डार्ट तर बनवणाऱ्यानेच रस्त्यासाठी नाही म्हणून विकली होती. आयातीचे नियम बदलत असतात, त्यासाठी कस्टम्सचं काम करणाऱ्या जाणकाराला आधी भेटा.

मी आता ड्रॅग रेसिंग करतो. पुढे कोणाला शोधावं लागू नये म्हणून काय जपू?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर "व्हॅली रन"मध्ये उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे आत्तापासून करावं. दर फेरीची टाइम स्लिप (वेळ छापलेली चिठ्ठी), प्रवेश अर्जाची प्रत, बदललेल्या भागांची बिलं आणि गाडीचा चारही बाजूंनी काढलेला फोटो, सगळं तारखेनिशी एका फाइलमध्ये. गाडी विकली तर तुमच्याकडे एक प्रत ठेवा आणि नव्या मालकाला फाइल द्या. थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत उडून जाते, म्हणून स्लिपचा फोटो त्याच दिवशी काढा आणि फोटोच्या नावात चासी नंबरचे शेवटचे सहा अंक टाका.